डाव्या दारातली खुळखुळ

"खर्रर्र... खण्!"

"आला! पुन्हा तोच आवाज आला!" फाटकावर चढून बसलेला ईश्वर ओरडला. "वामनकाकांनी ब्रेक मारला की वाजतं!"

लाल गाडी बंगल्यासमोर येऊन थांबली. नागपूरच्या धरमपेठेत अशी दुसरी गाडी नव्हती. दोनच माणसं बसतील एवढी, छप्पर मागे दुमडणारी, अस्सल विलायती स्पोर्ट्स कार! मँगनीजच्या खाणीवरचा एक साहेब मायदेशी जाताना ती वकीलसाहेबांना, म्हणजे उत्तराच्या वामनकाकांना, विकून गेला होता. गाडी लाल होती आणि आज तिच्यातून उतरणारे काका रागानं तिच्याहून लाल होते.

"उतर रे खाली!" ते ईश्वरवर गरजले. "रविवारी जुन्या मोटारींची मिरवणूक आणि ही बया अजून बोंबलून राहिली! त्या देवरावनं काम बिघडवलं ते बिघडवलं, वर त्याच्या पोरीनं माझा अडकित्ता लांबवला!"

पायरीवर आंबा चोखत बसलेल्या उत्तराचा हात तिथेच थांबला. गेले काही दिवस असंच होत होतं. अडकित्त्याचं नाव निघालं की खाणं नकोसं व्हायचं.

काका आत कूलरच्या वाऱ्यात जाऊन पडले. ईश्वर शेजारी येऊन बसला. तो पलीकडच्याच घरात राहायचा आणि सुट्टीभर यांच्याच घरी जेवायचा.

"तुला कळलं का?" तो म्हणाला. "मी वाडी रोडला गेलो होतो, देवरावकाकांच्या गॅरेजात, सायकलीत हवा भरायला. कौसल्याला मामाकडे पाठवून राहिले, उमरेडला. कायमची! शाळा बंद! रस्त्यावरचे ट्रकवाले तिला पाहिलं की खिशावर हात ठेवतात म्हणे."

"आणि ती काय म्हणाली?"

"माझ्याशी बोलली. तुझं नाव काढलं तर आत निघून गेली."

उत्तरानं आंबा ठेवून दिला. कौसल्या तिच्या वर्गातली, तिच्याच बाकावरची. सुट्टीचे पहिले पंधरा दिवस तिघांनी देवरावच्या गॅरेजातच काढले होते. तेव्हा या गाडीचं हूड करकरायचं, सीट कुईकुई करायची, बॉनेट थडथडायचं, आणि काका शेजारच्या माणसाशीसुद्धा भाषण दिल्यासारखे बोलायचे. देवरावांची रीत मजेदार होती. ते गाडी चालवायचे आणि कौसल्या डाव्या सीटवर डोळे मिटून बसायची. मध्येच ओरडायची, "बाबा, हुडाच्या बिजागरीत!" आणि तिथे खडूची फुली मारायची. मग एकेका फुलीवर कुठे मेण, कुठे जाड लोकरी नमद्याचा तुकडा, कुठे सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी. होता होता गाडी अगदी मुकी झाली!

शेवटच्या दिवशी काका स्वतः चालवायला बसले, शेजारी कौसल्या. एक फेरी मारून आले ते फुलून. अख्ख्या गॅरेजासमोर त्यांनी जाहीर केलं, "रविवारी मिरवणुकीत माझ्या शेजारी ही पोट्टी बसेल!"

सीट एकच होती. उत्तरा गेला महिनाभर त्या सीटचीच स्वप्नं पाहत होती.

आणि त्याच संध्याकाळी घरी पोचल्यावर कळलं, अडकित्ता हरवला. चांदीच्या मुठीचा, आजोबांच्या वेळचा. काका कोर्टात अशिलाचं नाव विसरतील, चष्मा डोळ्यांवर ठेवून घरभर शोधतील, पण अडकित्त्याशिवाय त्यांचं पान हलायचं नाही. उत्तराला घेऊन ते तसेच गॅरेजात परतले आणि सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं, "उत्तरा, शेवटी तो कोणाच्या हातात पाहिलास?"

"कौसल्याच्या," उत्तरा पटकन म्हणाली.

ते खरंच होतं. पण तेवढंच खरं नव्हतं. फेरीला निघताना काकांनी सुपारी कातरली होती, आणि गिअर टाकायला हात मोकळा हवा म्हणून स्वतःच अडकित्ता कौसल्याच्या हातात कोंबला होता. "ठेव त्या दाराच्या खिशात," असंही म्हणाले होते. कौसल्यानं ठेवला होता. उत्तरा दोन हातांच्या अंतरावर उभी राहून सगळं पाहत होती.

कौसल्यानं हे सांगितलं. काकांनी दाराच्या रेक्झीनच्या खिशात हात घातला. खिसा रिकामा! "मी दिलाच नव्हता!" काका म्हणाले. काका खोटं बोलत नव्हते, साफ विसरले होते. मग कौसल्यानं उत्तराकडे पाहिलं. उत्तरानं आपल्या चपलांकडे पाहिलं.

ती चपलांकडे का पाहत राहिली? काकांची भीती वाटली म्हणून? हो, थोडी. पण मनात एक घाणेरडा विचारही येऊन गेला होता, की आता सीट मोकळी झाली. त्या विचाराची तिला आता इतकी लाज वाटत होती, की आरशात पाहून वेणी घालणंही नको वाटायचं.

"ईश्वर," ती एकदम म्हणाली, "ही खुळखुळ कधी सुरू झाली?"

"काकांनी तुला गॅरेजातून घरी आणलं तेव्हा. मी मागे सायकलवर होतो ना!"

"म्हणजे अडकित्ता हरवला त्याच दिवशी!"

"अरे बाप्पा!" ईश्वर म्हणाला.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर उत्तरा काकांच्या मागे लागली. "काका, चौकात पोरं गाडी पाहायला थांबली आहेत. एक चक्कर मारा ना! मलाही न्या!"

काकांना गाडी दाखवायला कारण लागत नसे. चौकातल्या वर्तुळाला त्यांनी एक फेरी मारली, लोकांनी पाहिलं म्हणून दुसरी मारली, आणि एका म्हाताऱ्यानं हात केला म्हणून तिसरी. उत्तरा डोळे मिटून, दाराला कान लावून बसली होती. कौसल्या बसायची तशीच.

ब्रेक लागला. खर्रर्र... खण्! दाराच्या आत काहीतरी घसरत पुढे गेलं. गाडी सुटली, ते घसरत मागे आलं. सुटा स्क्रू असा घसरत जात नाही. उत्तरानं हळूच खिशात हात सरकवला. काकांचा पंजा जिथे अडकायचा तिथून तिची बोटं आणखी खाली गेली. तळाची शिवण उसवली होती! फटीतून बोटं पोकळ दारात उतरली आणि त्यांना गार गुळगुळीत मूठ लागली.

आत्ताच बाहेर काढावा का? काका म्हणतील, "वा, सापडला!" आणि तोंडात सुपारी टाकून मोकळे होतील. वाडी रोडवर कोणाला कळणार? उत्तरानं हात बाहेर काढला.

"काका, खुळखुळ कुठे आहे ते मला कळलं!"

"कुठे?"

"दारात. पण दार उघडायला देवरावकाकांचीच हत्यारं लागतील."

"त्या माणसाच्या दारात मी पाय ठेवणार नाही!"

"मग रविवारी सगळ्या नागपूरसमोर असंच वाजत जायचं?"

काकांनी गाडी वाडीकडे वळवली. ईश्वरची सायकल जीव तोडून मागे!

गॅरेजासमोर दोन-तीन ट्रक उभे होते. ड्रायव्हर चहा पीत होते. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, त्याखाली देवराव एका चाकाशी झटत होते. कौसल्या दारात उभी राहिली, हाताची घडी घालून.

"साहेब," देवराव उठून म्हणाले, "तुमच्या गाडीले मी हात लावत नाई. मी चोट्टीचा बाप आहो ना? तुम्हीच म्हणून गेले."

काका खाकरले.

"मी उघडते," उत्तरा म्हणाली. "मला फक्त पेचकस द्या."

देवरावांनी तिच्याकडे पाहिलं आणि पेचकस पुढे केला. तिला तो नीट धरताही येईना. घामानं हात निसटत होता. ड्रायव्हर चहा हातात घेऊन जवळ आले. एक स्क्रू निघाला, दुसरा निघाला, दाराचा आतला पत्रा सुटला आणि...

खण्णकन अडकित्ता फरशीवर पडला!

देवरावांनी खिशाचं उसवलेलं बूड चिमटीत धरून सगळ्यांना दाखवलं.

"अरेच्चा!" काका हसले, पण हसू काही जमलं नाही. "सापडला की! शाबास उत्तरा! माझी पुतणी शोभतेस!"

"मला शाबास म्हणू नका!" उत्तरा ओरडली. "काका, अडकित्ता तुम्हीच तिला दिला होता. खिशात ठेव म्हणालात, तिनं ठेवला. मी सगळं पाहिलं होतं. मी अर्धंच सांगितलं. मला ती सीट पाहिजे होती."

तिला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपल्याला आत घ्यावं. जमीन कुठली दुभंगते! सगळे तिच्याकडे पाहत होते, आणि तिला तिथे उभंच राहावं लागलं.

वामनकाकांनी फरशीवरचा अडकित्ता उचलला. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. कोर्टात बोलतात तशा मोठ्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "देवराव, चूक माझी. मी विसरलो आणि तुमच्या पोरीवर आळ घेतला. माफी मागतो. कौसल्या, तुझीही." मान वर करून ते ड्रायव्हरांकडे वळले. "तुम्ही ऐकलं ना? हेही सांगा सगळ्यांना!"

"सांगतो जी," एक जण म्हणाला.

देवरावांनी मान हलवली. उत्तराजवळ येऊन त्यांनी तिच्या हातातला पेचकस घेतला. "चार माणसांत असं बोलाले छाती लागते, पोरी. पहिल्याच दिवशी बोलली असती, तर माझी पोरगी इतकी रडली नसती." थोडं थांबून ते म्हणाले, "पण बोलली. शाबास."

ही शाबासकी उत्तरानं खाली मान घालून घेतली. मग ती कौसल्यासमोर जाऊन उभी राहिली.

"उमरेडला नको जाऊ," ती म्हणाली.

"काहून जाऊ? मी काय केलं?" कौसल्यानं घडी घातलेले हात सोडले नाहीत. "रविवारी सीटवर मीच बसीन. साहेबानं कबूल केलं होतं."

"तूच बस."

"तू तुमच्या फाटकाजवळ उभी राहजो," कौसल्या म्हणाली. तिचा आवाज अजून कडकच होता, पण डोळे भरून आले होते. "आणि जे दिसन, ते या खेपेले सगळं सांगजो वं."