डोंगरदिवे मॅडमचा जॅब

अकोल्याच्या त्या बॉक्सिंग हॉलमध्ये आता आरडाओरडा होत नसे. मुलं येत, डाव्या हातावर खांद्यापासून मनगटापर्यंत करडी बाही चढवत आणि आरशासमोर उभी राहून ठोसे मारू लागत. 'हनुवटी खाली', 'कोपर आत' असं सांगण्याची वत्सला डोंगरदिवेंना गरजच उरली नव्हती. त्या खुर्चीत बसून नुसत्या पाहत. हॉलभर एकच ठोसा चालू असे आणि तो त्यांचा स्वतःचा होता.

काही वर्षांपूर्वी एका कंपनीचे अभियंते त्यांच्याकडे आले होते. पुढच्या हाताचा सरळ ठोसा, म्हणजे जॅब, देशात त्यांच्याइतका निर्दोष कोणाचाच नव्हता. त्या ठोसे मारत असताना कोणत्या स्नायूमागून कोणता स्नायू आखडतो, किती जोरानं आणि कधी सैल पडतो, हे सगळं केसासारख्या बारीक संवेदकांनी टिपून घेतलं. त्यावरून ही स्नायुबाही तयार झाली. शिकणाऱ्याच्या हाताला ती त्याच क्रमानं विजेचे सौम्य झटके देई. थोड्या आठवड्यांत बाही काढली तरी हात आपणहून तसाच चाले. जे अंगात मुरायला वत्सलाबाईंना वर्षं लागली होती, ते आता शाळेच्या सुट्टीत होऊ लागलं.

त्या मुलांत करुणा खंडारे सगळ्यांत तयारीची. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि राज्याच्या संघात तिची निवड व्हायची होती. एका दुपारी सराव आटोपल्यावर ती मॅडमच्या खुर्चीपाशी आली आणि तिनं डावा हात पुढे केला.

"मॅडम, पाहा बरं. हात असा काहून करते?"

हात नुसता पसरलेला होता, पण अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत होती, जणू ती कापसाची वात वळत होती.

वत्सलाबाईंचा डावा हात नेहमीप्रमाणे ट्रॅकसूटच्या खिशात होता. कंपवाताचं निदान होऊन त्यांना वर्ष झालं होतं, पण हॉलमध्ये कोणाला ते ठाऊक नव्हतं. त्यांनी हात बाहेर काढला आणि करुणाच्या हाताशेजारी धरला. दोन्ही हात एकाच लयीत वात वळत राहिले.

वत्सलाबाईंवर उपचार करणाऱ्या डॉ. अळशींनी दोघींच्या हातांना तारा जोडून तपासलं. ठोसा टिपून घेतला तेव्हा आजार सुरू झालेला होता, असं त्यांनी सांगितलं. तो माणसांच्या लक्षात येण्याइतका नव्हता, पण संवेदकांच्या लक्षात आला. यातला ठोसा कोणता आणि आजार कोणता, हे बाहीला कळायला मार्ग नव्हता, त्यामुळे तिनं सगळंच शिकवलं.

"म्हणजे पोरीला आजार नाही," वत्सलाबाई घाईनं म्हणाल्या.

"आजार असता तर औषध दिलं असतं," डॉक्टर म्हणाले. "ही विद्या आहे, बाई. सायकल चालवणं विसरायचं औषध आपल्याकडे नाही."

बातमी पसरली आणि बाहीची विक्री थांबली. हॉल रिकामा झाला. काही आईबाप येऊन बोलून गेले, काही दारातूनच बघून परत गेले. करुणा मात्र येत राहिली. सुई ती उजव्या हातानं टोचायची आणि तो हात शाबूत होता, म्हणून वॉर्डातलं काम कसंबसं निभत होतं. बॉक्सिंग सोडायची तिची तयारी नव्हती. उजवा हात पुढे ठेवून खेळणारे असतात, मला तसं शिकवा, बाही न घालता, तुम्ही स्वतः शिकवा, असा तिनं हट्ट धरला.

वत्सलाबाईंनी पुष्कळ आढेवेढे घेतले आणि मग होकार दिला. किती तरी काळानं त्या खुर्चीतून उठल्या. उजवा पाय पुढे, मागची टाच किंचित उचललेली. ठोसा हातातून नाही, त्या टाचेतून निघतो. कोपर बाहेर फेकायचं नाही; मूठ सरळ जाऊ द्यायची आणि लागायच्या क्षणीच वळवायची. खांदा हनुवटीपर्यंत यायला हवा. आणि हात गेला त्याच वाटेनं परत आला पाहिजे, खाली पडता कामा नये. बोलून कळेना तिथे त्या स्वतः करून दाखवत आणि करुणा पापणी न लववता पाहत राही. पुन्हा चुके, पुन्हा पाही. पावसाळा संपता संपता तिच्या उजव्या हाताला ठोसा सापडला. तो मॅडमच्या ठोशापेक्षा थोडा आखूड होता, पण तिचा होता. वत्सलाबाई त्या दिवशी घरी गेल्यावर बहिणीला फोन करून बराच वेळ त्याबद्दल सांगत होत्या.

त्यानंतर दिवाळीच्या सुमारास करुणा वॉर्डात एका म्हातारीला सलाईन लावत होती. शीर सापडली, सुई टेकवली आणि तिच्या उजव्या हाताची बोटं वात वळू लागली. म्हातारीनं हात ओढून घेतला. वॉर्डाच्या सिस्टरनं करुणाच्या हातातली सुई काढून घेतली.

डॉ. अळशींनी पुन्हा तारा जोडल्या. लय तीच होती. एका हातानं शिकलेलं मेंदूतून दुसऱ्या हातात उतरलं असेल, असं ते म्हणाले. किंवा माणूस ज्याच्याकडे टक लावून पाहतो त्याचं न कळत उचलतो, तसं असेल. बाही नसताना हे कसं झालं, हे त्यांना नक्की सांगता येईना.

 शिकवताना दर वेळी आपण डावा हात कुठे धरला होता, खिशात की तिच्या नजरेसमोर, एवढंच वत्सलाबाई आठवत होत्या.

वॉर्डातलं काम काढून घेतल्यावर करुणा हॉलवर आली ती सरावाचे कपडे न घालताच. दोघी रिंगणाच्या कडेला बसल्या. वत्सलाबाईंनी तिची माफी मागितली. करुणा म्हणाली, तुमची काय चूक, मीच मागं लागले होते. मग तिनं मॅडमकडे न बघता विचारलं,

"घरी मी धाकट्या बहिणीला जॅब शिकवत होते, मॅडम. आपल्यासारखाच, करून दाखवून. रोज समोर उभी राहून माझ्या हाताकडे पाहत असते ती. आता तिला काय सांगू, माझ्याकडे पाहू नको म्हणून?"