नंबर टाकलेलं घर

तो मला पहिल्यांदा दिसला तेव्हा आमच्या सपरीवर, पुढच्या ओसरीत, उताणा पडलेला होता. हात छातीवर, डोळे सताड उघडे, नजर थेट छपराकडे. मी डोक्यावर मोहाच्या फुलांची टोपली घेऊन रानातून येत होते. पहिला विचार मनात आला तो असा — मेला की काय हा? आणि मरायला याला आमचीच सपरी सापडली?

मग त्याचे ओठ हलताना दिसले.

"कोन होय तुमी?" टोपली न उतरवताच मी विचारलं.

"थांबा… सतरा… अठरा…" त्याने एक बोट वर केलं, पण माझ्याकडे पाहिलं नाही. "…एकोनीस. हं. आता बोला."

"मी काऊन बोलू? घर आमचं होय. तुमीच बोला."

तेव्हा तो उठून बसला. पंचविशीचा असेल. रुंद कपाळ, स्वच्छ धोतर, कानावर पेन्सिल. मला पाहून थोडा गोंधळला, तरी नजर पुन्हा वर, वाशांकडे, गेलीच. "छपराचे फाटे मोजून राहिलो होतो," तो म्हणाला. "अस्सल सागवान होय. असं लाकूड आता चिचगडच्या जंगलातबी भेटत नाई."

"लाकूड पाहाले पडावं लागते का?"

"उभं राहून पाहिलं तं मान दुखते. आन् लोकाईले वाटते, मानूस चोर होय."

"पडल्यावरबी तसंच वाटते," मी म्हणाले.

तो हसला. त्याचं हसणं मला आवडलं, आणि म्हणूनच संशय आला. माझा स्वभावच तसा. दूधवाल्याने माप जास्त घातलं तर मी दूध हुंगून पाहायची. माय म्हणायची, "या पोरीले देव जरी भेटला तं इचारन, कोनत्या गावचा तू?"

त्या दिवसांत संशय घ्यायला कारणंही होती. आमचं गाव आमगावपासून दोन कोसांवर. माझे बाबा, टेकचंद पटले, यांनी शेती काकाच्या हवाली करून गोंदियात धान्याचं दुकान टाकायचं ठरवलं होतं. ईश्वरदास नावाच्या व्यापाऱ्याचं एक घर पाहिलं — पुढे दुकान, मागे दोन खोल्या — आणि दसऱ्याला बयाना देऊन आले. तो बयाना म्हणजे माझ्या लग्नासाठी बाजूला ठेवलेला पैसा. उरलेली रक्कम अक्तीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत द्यायची. नाही दिली तर बयाना बुडाला. गोंदियाचं घरही गेलं, आणि माझं लग्नही.

रक्कम यायची होती ती हे घर विकून. पण तो काळ मालगुजारीचा, गावची सारी जमीन मालगुजाराची. बाबा विचारायला गेले तेव्हा मालगुजाराने पानाचा विडा लावता लावता सांगितलं, "जागा माझी. तुझं काय, तर लाकूड आणि छपरावरचे कवेलू. ते काढ, आणि ज्याला पाहिजे त्याला दे." बाबांनी घर जागेसकट विकायचं धरलं होतं. तीन पिढ्या राहिलेल्या माणसाला जागा आपली नाही हे सुचतच नाही. ते परत आले ते दोन दिवस जेवले नाहीत.

म्हणजे आता घर घ्यायला येणार ते लाकडाचे गिऱ्हाईक. आणि आसपास सागवानाला गिऱ्हाईक एकच होतं, आमगावच्या लाकडाच्या टालीचे छोटेलाल सेठ. हा उताणा पडणारा माणूस, खेमराज रहांगडाले, त्यांच्याच टालीवर मापारी होता. स्वतःच सांगितलं त्याने, पाणी पिता पिता.

आठ दिवसांनी तो पुन्हा आला, गेरूची वाटी घेऊन. बाबांना विचारून शिडी लावली आणि एकेका लाकडावर लाल आकडे टाकायला लागला. मी खाली शिडी धरून उभी. मदत म्हणून नव्हे, डोळा ठेवायला.

"हे कायले लिहून राहिले?"

"नंबर."

"ते दिसते मले. चौथीपर्यंत शिकली मी. कायले?"

"कामाचे होत."

"कोनाच्या कामाचे?"

"हाय एक जन…" तो वरूनच म्हणाला, आणि गेरूचा एक थेंब माझ्या मनगटावर पडला. त्याने पाहिलं. मीही पाहिलं. पुसायला हवा होता, पण आधी हात कोणी हलवायचा हे ठरेना…

"शिडी धरा," तो म्हणाला. "पडीन मी."

"पडाची तं सवयच हाय तुमाले."

तो गेल्यावर मी मनगट घासघासून धुतलं. या माणसाचं काहीतरी लपलेलं आहे, याची मला खात्री होती. सरळ माणूस "हाय एक जन" म्हणत नाही, नाव सांगतो.

पुढच्या बाजारी आमगावला गेले तेव्हा खात्री पटली. टालीसमोर छोटेलाल सेठ खेमराजच्या पाठीवर थाप मारत होते, आणि दोघंही हसत होते. चारच दिवसांत सेठचा निरोप आला: लाकूड वाळवीने खाल्लेलं आहे, अर्ध्या भावात द्यायचं असेल तर कळवा. बाबा खांबाला टेकून बसले. "वाळवी?" ते सारखे म्हणत होते. "माझ्या घराले वाळवी?"

मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. घराचा राग होताच; पण त्या हसण्यावर मी आठ दिवस विचार करत बसले होते, त्याचा राग जास्त होता. दुपारी सगळे आडवे झाल्यावर मी शिडी लावली, फडकं ओलं केलं आणि एक-एक आकडा पुसून काढला. खांबावरचे, आडव्या मयालीवरचे, फाट्यांवरचे, सगळे. संध्याकाळपर्यंत हात कोपरापर्यंत लाल झाले.

दुसऱ्या दिवशी तो आला. घरात मी आणि माय. आत पाऊल टाकलं, वर पाहिलं, आणि मटकन उंबऱ्यावर बसला.

"कोनं पुसले?"

"मी."

"काऊन?"

"काऊन? सेठले जाऊन सांगा, घर देनार नाई! वाळवी लागली नं? मंग खाल्लेल्या लाकडावर नंबर कायले पायजे?"

तो माझ्याकडे पाहून — पहिल्यांदाच इतकं सरळ पाहून — म्हणाला, "टालीवर लाकूड गेलं तं त्याचा ढीग लागते, मंग आरा चालते. तठी नंबर कोन टाकते? नंबर टाकतेत ते घर जसंच्या तसं पुन्हा उभं कराचं असन तं."

मायने चिंच फोडायची थांबवली.

"आमगावले टेसनाच्या मागं मी जागा घेतली," तो म्हणाला. "सात वर्साची कमाई. त्याच्यावर घर पायजे. सेठनं मले पाहाले पाठवलं, आन् मी पाहिलं तं… हे मले तोडू द्यावं वाटेना. म्हून सेठले सांगितलं, वाळवी हाय."

"मंग आमचा भाव तुमीच पाडला!"

"सेठचा पाडला. माझा नाई. पुरा भाव देतो मी."

"सेठ सरकला की तुमीबी अर्ध्यावर याल."

"नाई येनार."

"कशावरून?"

तो डोकं खाजवत बसला, आणि मला वाटलं, सापडला! संध्याकाळी बाबा आले तेव्हा मी त्याच्यासमोरच सगळं सांगितलं. बाबा मवाळ माणूस, पण अडचण त्यांनाही दिसत होती. पूर्ण रक्कम हातात आल्याशिवाय ईश्वरदास किल्ली देणार नव्हता. आणि लाकूड गाडीत भरल्याशिवाय कोण पैसे देणार? घर खोललं की त्याच दिवशी डोक्यावरचं छप्पर जाणार. बायकापोरं, धान्याच्या कोठ्या, गाईगुरं घेऊन माणसाने मधले दिवस कुठे काढायचे?

"पैसे मी आधी देतो," खेमराज म्हणाला. "सारे. तुमी गोंदियाले राहाले जा. मंग सवडीनं खोलीन."

"आन् आमी पैसे घेऊन लाकूड दुसऱ्याले इकलं तं?" मी दाराआडून विचारलं.

"गोमती!" माय ओरडली.

"नाई, बरोबर इचारलं त्याइनं," तो म्हणाला. "इकलं तं इकलं. माझं घर नाई होनार. दुसरं का?"

संशय घेणं मला येत होतं. कोणी आपल्यावर विश्वास ठेवला तर काय करायचं, ते मात्र कधी शिकले नव्हते. सात वर्षांची कमाई आणि कसली अट नाही! तो नुसत्या थापा मारत असेल किंवा यात काही डाव असेल, असं मी रात्रीपर्यंत घोकत राहिले. तिसऱ्या दिवशी त्याने पंचांसमोर रक्कम बाबांच्या हातात ठेवली. दोन्ही शक्यता फोल ठरल्या, आणि मला आपलीच लाज वाटली.

आता प्रश्न पुसलेल्या आकड्यांचा. आकडे पुन्हा टाकता येत होते, पण ते परत पुसले तर काय, म्हणून त्याला एकेका लाकडाची खूण लिहून घ्यायची होती. त्या खुणा मला तोंडपाठ होत्या. मग दोन दिवस तो शिडीवर, मी खाली, आणि पहाऱ्याला माय चिंचोके वेगळे करत बसलेली.

"ही मयाल?"

"मधली. झोक्याच्या दोरानं घासली, पाहा. हात फिरवा."

त्याने हात फिरवला. "आन् हा खांब?"

"सैंपाकघराचा. लहानपनी धावता धावता मी त्याच्यावर डोकं फोडलं होतं."

"निशानी?"

मी कपाळावरचे केस बाजूला केले. तो पाहत राहिला… जरा जास्तच वेळ. मग खाकरून म्हणाला, "खांबावरची इचारली होती."

मायच्या हातातले चिंचोके सांडले. मी शिडी सोडून पळाले, आणि तो वरून हाका मारत राहिला, "शिडी! अवो, शिडी धरा!"

दुसऱ्या दिवशी शेवटचा फाटा राहिला तेव्हा माय पाणी आणायला आत गेली. तो खाली उतरला. गेरूने बोटं लाल झालेली, आणि ती पुसायला त्याला काही सापडेना.

"एक अडचन हाय," तो म्हणाला. "लाकडाले नंबर टाकले. पन चूल कोनत्या तोंडाची, पान्याचे गुंड-हंडे कोठी, कोनत्या खिडकीत सकारचं ऊन येते… हे लिहून घेता येत नाई. सांगनारं मानूस पायजे."

"मायले धाडीन दोन दिवस."

"दोन दिवसानं भागनार नाई."

"मंग चार."

"गोमती…" माझं नाव त्याने पहिल्यांदाच घेतलं होतं, आणि तेही असं, जसं काही हातातून पडेल. "तुमाले इचारून राहिलो मी. जन्माचं."

माझ्या तोंडातून मात्र जे निघायचं तेच निघालं. "पैल्या दिवसापासून हेच होतं का मनात? पोरगी पाहून घर घेतलं का?"

"नाई. पैल्या दिवशी लाकूडच पाहून राहिलो होतो. खरं सांगतो."

"आन् दुसऱ्या दिवशी?"

त्याच्या कानाच्या पाळ्या गेरूसारख्या झाल्या. मी मनातल्या मनात शोधून पाहिलं — यात त्याचा काय डाव? भाव कमी करून घ्यायचा? पैसे तर देऊन झाले होते. लाकूड मिळवायचं? ते त्याचंच होतं. आता माझ्यावाचून त्याचं काहीच अडलेलं नव्हतं, आणि तरी तो घाम पुसत उभा होता. संशयाला टेकायला कुठे जागाच उरली नाही.

"बाबाले इचारा," मी म्हणाले. "मी नाई म्हननार नाई."

बाबांनी त्याला नीट न्याहाळलं. पटले आणि रहांगडाले, कुळं वेगळी, सोयरीक जुळण्यासारखी. तरी विचारलंच, "आमी फसवलं असतं तं का केलं असतं गा तू?" मुलगी कोणावर गेली, ते त्या दिवशी खेमराजला कळलं.

अक्तीच्या आधी चार दिवस आम्ही गोंदियाला गेलो. मागे घर खोलून गाड्यांवर चढलं, असं काकाने सांगितलं. मी पाहायला गेले नाही. पावसाआधी आमगावला छप्पर उभं राहिलं, दिवाळीनंतर भिंती झाल्या, आणि माघात आमचं लग्न लागलं.

पाठवणीच्या वेळी गोंदियाच्या घरी सगळ्या बायका रडल्या. मला रडू येईना. त्या घरात नऊ महिने काढूनही अंधारात माझा हात दिव्याला लागत नसे. नवरीला रडू येत नाही, हे बरं दिसत नाही, म्हणून मायने हळूच चिमटासुद्धा काढला. तरी नाही.

आमगावला पोचलो तेव्हा ऊन कलतं होतं. उंबऱ्यावरचं माप ओलांडून मी आत आले आणि पदर सावरून आधी वर पाहिलं. स्वभाव! कुठे चुकलाय ते शोधत होते. मधली मयाल मधेच होती. फाटे ओळीने होते, एकोणीसच्या एकोणीस. स्वयंपाकघराचा खांब आपल्या जागी. खिडकी उगवतीला. पुन्हा एकदा पहिल्यापासून पाहिलं. एकही चूक सापडली नाही.

आणि मग मला जे रडू कोसळलं, ते थांबेचना. सासरच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. नवरीला घर पसंत नाही, असं कोणीतरी कुजबुजलं. खेमराज मुंडावळ्यांसकट धावत आला. चेहरा पांढरा पडलेला.

"काऊन रडून राहिली? काई चुकलं का माझं? सांग नं… पुन्हा खोलतो मी. नाई आवडलं तं सारं पुन्हा खोलतो."

"हात तं लावून पाहा!" मी पदराने नाक पुसत म्हणाले. "मी घरी आली."