लुवुव्हूच्या वळणावरचं घुबड

जंगलाच्या पाफुरी फाटकाजवळ माझं घोंगड्यांचं दुकान आहे. जंगलात जाणारे सगळे माझ्या दुकानावरूनच जातात, त्यामुळे त्यांची एक रीत मला पाठ झाली आहे. पहाटे फाटक उघडलं की जो तो आपली गाडी घेऊन आत शिरतो. वाटेत समोरून गाडी आली की दोघं थांबतात, काचा खाली करतात आणि काय काय दिसलं ते एकमेकांना सांगतात. सिंहाचा पत्ता सगळेच देतात. दुर्मिळ पक्ष्याचा मात्र कोणीही देत नाही. दुकानदार बांधलेलं गिऱ्हाईक लपवतो तसा लपवतात.

माझा मित्र रिसिमाती जन्मभर ह्या जंगलात राखणदार होता. आता त्याची नजर जात चालली होती. डॉक्टरांनी डोळ्यांना हिवाळ्यापर्यंतची मुदत दिली होती. इथले सगळे पक्षी त्याने पाहिले, फक्त मासेमार घुबड राहिलं. तेवढ्यासाठी त्या पहाटे मी गाडी काढली.

"सावकाश, दुकानदार. माल नासत नाहीये," तो म्हणाला. डोळे मिटून नुसत्या कानांनी तो पक्षी सांगत होता. डावीकडे खंड्या. मागे सुतार, जोडी आहे. गवतात मुंगूस गेलं तेही त्याने सांगितलं. मी थक्क होऊन ऐकत होतो.

लुवुव्हू नदीपाशी धुकं दाटलं. सडलेल्या उंबरांचा गोडूस वास आला आणि पाखरं एकदम गप्प झाली. समोरून एक जुनी हिरवी गाडी आली. आत पिकल्या केसांची बाई, गळ्यात दुर्बीण. मी काच खाली केली.

"घुबड ना?" ती हळूच म्हणाली. "पुढच्या वळणावर, पाण्यावर वाकलेला उंबर... पण खाली उतरू नका. मी उतरले होते..."

मी आभार मानले आणि निघालो.

"कोणाशी बोलत होतास?" रिसिमातीने विचारलं.

"त्या गाडीतल्या बाईशी."

"कुठली गाडी? तू थांबलास, काच उघडलीस आणि एकटाच पुटपुटलास."

मुंगूस ऐकणारे कान ते, त्यांना गाडी ऐकू आली नव्हती. मी गाडी वळणाकडे घेतली.

उंबरावर घुबड खरंच होतं. केवढं मोठं, विटकरी अंगाचं, काळेभोर डोळे. मी बोट दाखवत राहिलो. रिसिमाती डोळे ताणत राहिला.

"नुसती पानं दिसतायत रे... दहा पावलं जवळ जातो."

"उतरू नकोस."

"ह्या गवतात म्हातारा झालो मी. तू तुझ्या घोंगड्या झटक."

त्याने दार उघडलं, एक पाय बाहेर टाकला. मी त्याची कॉलर धरली, पण तो कसला ऐकतोय. तेवढ्यात दार आपोआप आत येऊ लागलं. कुणीतरी बाहेरून लोटावं तसं, अगदी सावकाश. त्याने पाय आत घेतला. दार लागलं.

"कोण आहे...?" तो कुजबुजला.

जिथे त्याचं पाऊल पडणार होतं, तिथल्याच गवतातून सिंहिणीने डोकं वर केलं. ती गुरगुरली तसं घुबड उडालं आणि पंखांचा फडफडाट करत आमच्या बॉनेटवरून, हाताच्या अंतरावरून गेलं.

"पाहिलं," रिसिमाती म्हणाला. बराच वेळ तो तेवढंच म्हणत होता.

इतक्या वर्षांत मी नाना तऱ्हेची माणसं पाहिली. पण असा पत्ता खरा सांगून वर राखणीला थांबणारं माणूस एकच भेटलं, आणि त्या बाईचं नावही मी विचारलं नाही.

नऊ वाजता फाटकाबाहेर गाडी उभी केली. ऊन चांगलंच तापलं होतं, गाडीवरचं सगळं दव सुकून गेलं होतं. रिसिमातीच्या बाजूच्या दारावर बाहेरून बाईच्या हाताच्या पंजाएवढी ओली खूण होती. मी ती फडक्याने पुसली. दुपारी पाहिलं, तर ती पुन्हा तिथेच होती, तशीच ओली.