हात काढला का?

१४ डिसेंबर. सकाळपासून दाट धुकं, वारा अजिबात नाही.

साहेबांना त्या दिवशी एकच काम होतं, आणि तेही त्यांच्या मते कुठल्याही ठोंब्याला जमण्यासारखं. टेलिफोन खात्याची काचतंतूंची केबल कुठे दुखावली आहे हे कळावं म्हणून तिच्यात देखरेखीचा प्रकाश सोडतात. तो शेवटच्या डोंगराळ टप्प्यातून परत येईपर्यंत पार मरगळून जाई. त्याला जोर देणारं नवं यंत्र साहेबांच्या केबल-ठाण्यात बसवलं होतं. टप्प्याच्या टोकाला, डोंगरातल्या कोठडीत, जोडणी करायला त्यांचा मेहुणा गेला होता.

मेहुणा म्हणजे बायकोने गळ्यात बांधलेलं लोढणं, असं साहेब चारचौघांत सांगत. काचेचा तंतू भिंगाखाली धरून तासन्‌तास बघत बसायची त्याला खोड. वर कामावर सगळ्यांदेखत ‘दाजी, दाजी’ करायचा. कालच साहेबांनी त्याला झापलं होतं, इथे मी तुझा दाजी नाही, साहेब म्हणायचं.

जोडाऱ्यांचा एक रिवाज होता. यंत्र चालू करण्याआधी केबलसोबत टाकलेल्या तांब्याच्या तारेवरून फोन करायचा, ‘हात काढला का?’, म्हणजे उघड्या तंतूपासून दूर झालास का, असं विचारायचं, आणि पलीकडून ‘काढला’ आल्याशिवाय बटणाला शिवायचं नाही. हा प्रकाश दिसत नाही. उघड्या टोकातून निघाला तर डोळा जाळतो. साहेबांना हे भित्र्यांचे चोचले वाटत. तरी त्यांनी फोन उचलला.

दुपार असून दिवा लावावा लागला होता. यंत्रांचे पंखे घरघरत होते. पलीकडचा फोन लगेच उचलला गेला, घंटा वाजायच्याही आधी. कुठेतरी पाणी ठिबकत होतं. ओल्या मातीचा वास आला. साहेबांनी खिडकीकडे बघितलं. ती बंद होती.

“हात काढला का रे?”

 मग अगदी हळू, “काढला... साहेब.”

साहेब खूश झाले. एका झापण्यात स्वारी सुधारली म्हणायची! आवाज घोगरा होता, पण धुक्यात गाढवाने घसा बसवून घेतला असणार.

“नीट बोल की. घशात काय अडकलंय?”

“माती... साहेब.”

म्हणे माती. या माणसाला विनोदही धड जमत नाही, असं पुटपुटत साहेबांनी फोन ठेवला आणि बटण दाबलं. पडद्यावरची रेघ डोंगर ओलांडून थेट टोकापर्यंत गेली. टोकाशी एक उंचवटा दिसला. उघड्या तंतूचा असतो तसा. तो एकदा थरथरला आणि नाहीसा झाला. साहेबांनी चहा मागवला.

संध्याकाळी जीप आली. ड्रायव्हरने मेहुण्याला हाताला धरून उतरवलं. त्याच्या उजव्या डोळ्यावर ओला रुमाल होता. साहेबांनी तिथेच तोंड सोडलं, तू काढला म्हणालास म्हणून मी चालू केलं.

“कधी म्हणालो, दाजी?” मेहुणा आवाजाच्या दिशेने तोंड फिरवत म्हणाला. “मी तुमच्याच फोनची वाट बघत होतो.”

दुसऱ्या दिवशी तांब्याची तार तपासली. ती कोठडीपर्यंत पोचतच नव्हती. अलीकडे, कोसळलेल्या दरडीखाली तुटली होती. तिथे खणलं. तुटक्या टोकाला चिमट्याने अडकवलेला जोडाऱ्याचा फोन सापडला, बोलायची जाळी मातीने गच्च भरलेली. माणूस सापडला नाही. खात्यातलं कुणी त्या दरडीत कधी गाडलं गेलं नव्हतं.

मेहुण्याचा उजवा डोळा गेला. यंत्र चालू ठेवलं आहे.