तिसऱ्या खुर्चीवरचा प्रश्न

"म्हशीला दिवसाचं पाणी किती लागतं?"

तिसऱ्या खुर्चीवरून प्रश्न आला आणि प्रमोदिनीची बोबडीच वळली. औरंगपुऱ्यातल्या दत्तोपंत वकिलांची ही लेक. म्हैस तिनं पाहिली होती ती रस्त्यात आडवी बसलेली, आणि तीही टांग्यातून. विद्यापीठाच्या लोकप्रशासन विभागात त्या दिवशी अभिरूप मुलाखती होत्या. म्हणजे आयोगाच्या खऱ्या मुलाखतीची रंगीत तालीम... टेबलामागे तीन खुर्च्या, तीन गंभीर चेहरे, आणि समोर घाम पुसणारा उमेदवार. दोन चेहरे ओळखीच्या प्राध्यापकांचे. तिसरा मात्र नवा – तरुण, सावळा, आणि अंगातला कोट असा ढगळ की आत आणखी एक माणूस मावला असता.

"ते... म्हशीवर अवलंबून आहे, सर."

मधल्या खुर्चीवरचे विभागप्रमुख पिशोरकर सर खो खो हसले. तिसरा हसला नाही. त्याचे फक्त डोळे हसले, आणि ते नेमके तिला दिसले.

थोड्या वेळानं कँटीनमध्ये पाहते तर तेच साहेब बशीतून चहा फुरकत बसलेले. कोट गायब, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या.

"नमस्कार सर, मी–"

"सर कुठले, बाई! एक प्राध्यापक आले नाहीत म्हून मला बसवलं. कोट पिशोरकर सरांचा. मी काकासाहेब. सिल्लोडकडचा. दुसऱ्या वर्षाला हाय."

"काकासाहेब? आणि एवढ्याशा वयात?"

"मग नुसतं साहेब म्हणा. तेच व्हायला आलोय इथं."

"बरं, साहेब... आता सांगा, किती लागतं म्हशीला पाणी?"

"उन्हाळा हाय का, दुभती हाय का, त्यावर हाय." तो मिश्कीलपणे म्हणाला. "म्हंजी तुमचं उत्तर बरोबरच व्हतं. फकस्त ते तुम्हाला ठावं नव्हतं!"

प्रमोदिनीला राग यायला हवा होता. आला नाही. तिथंच सगळा घोटाळा झाला.

पुढं दीड वर्ष दोघं एकत्र अभ्यास करत राहिली. तिनं त्याचे निबंध तासून गुळगुळीत केले, त्यानं तिला पिकांची आणेवारी, शेतातली पाणंद, गावकीचे तंटे समजावले. फर्दापूरला विभागाची मुलं पाहणीला गेली तेव्हा चढावर त्यानं हात पुढं केला, आणि चढ संपला तरी तो कुणी सोडला नाही. विद्यापीठातून बेगमपुऱ्याकडं उतरताना चैत्रात लिंबाचा मोहर अंगावर पडायचा. तो तिच्या केसांतून एकेक फूल वेचायचा आणि हळूच पुन्हा तिथंच ठेवायचा. 'बाई'ची कधी 'प्रमू' झाली आणि 'साहेबां'चा कधी 'काका' झाला, ते दोघांनाही कळलं नाही.

अभिरूप मुलाखतीत तिसरी खुर्ची आता त्याचीच झाली होती. आणि एक उत्तर त्यानं तिच्याकडून घोटून घेतलं होतं.

"बायांना हे इचारत्यातच. घर का नोकरी? पापणी लवायच्या आत म्हणायचं, नोकरी. अडखळलीस की गेलीस."

"आणि खरं काय असेल ते?"

"खरं मला सांगायचं. बोर्डाला नाय."

"मग विचार की आत्ता."

"आत्ता नाय. येळ आली की इचारीन." असं म्हणून तो कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला.

दोघांचा बेत साधा होता. दोघांनीही परीक्षा काढायची, साहेब व्हायचं, आणि मगच घरी तोंड उघडायचं. दत्तोपंत मूळचेच हट्टी; निजामाविरुद्धच्या पोलिस ॲक्शनच्या धामधुमीतही त्यांनी आपला हट्ट सोडला नव्हता. ते मराठ्याच्या पोराला जावई करून घेतील, तर तो निदान उपजिल्हाधिकारी तरी हवा. तिकडं काकासाहेबाची आई सारजाबाई एकटी. कापूस, मका, दोन बैल आणि हा एकुलता एक लेक. त्यांना बामणाची सून म्हणजे देव्हाऱ्यात ठेवायची का चुलीपुढं, हाच प्रश्न पडला असता. पदाचा शिक्का बसला की सगळे गप्प बसतील, असं या दोघांना वाटायचं. प्रेमात पडलेल्या माणसांना काहीही वाटतं.

लेखी परीक्षेचा निकाल लागला. प्रमोदिनी उत्तीर्ण झाली, काकासाहेब राहिला. वयाची अट होती, आणि त्याची ही शेवटची खेप होती.

तो हसला. हसला म्हणजे दात दाखवले. "एकीला तरी घावलं ना? बस्स!" म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी तिची तयारी घ्यायला पुन्हा हजर झाला. ती मात्र रात्रभर रडली. तिनं मनाशी पक्कं केलं – मुलाखतीचा निकाल हातात आला की बाबांसमोर उभं राहायचं आणि सांगायचं, मी याच्याशीच लग्न करणार. त्याला आधीच सांगितलं तर तो 'माझ्यापायी नको' म्हणून अडून बसेल... म्हणून ती गप्प राहिली. किती शहाणी पोर! त्या शहाणपणानंच तिचा घात केला.

आयोगाच्या मुलाखतीसाठी मुंबईला जाण्याआधीची शेवटची तालीम. विभागाचं रौप्यमहोत्सवी वर्ष होतं. पंचवीस वर्षांत विभागानं तहसीलदार दिले, गटविकास अधिकारी दिले, डॉक्टरेट दिल्या, देशभरचे विद्वान बोलावून परिषदा भरवल्या. पण महिला अधिकारी? एकही नाही. पिशोरकर सरांचा सगळा जीव या एका पोरीवर टांगलेला होता.

शेवटी तिसऱ्या खुर्चीची पाळी आली. काकासाहेबाचा आवाज जरा बसलेला होता.

"समजा... तुमची नेमणूक लांब झाली. पार गडचिरोलीला. आणि एक माणूस... ज्याला गाव सोडता येत नाय... तो म्हणाला, थांब. तर?"

ती त्याच्याकडं बघत होती. पापणी लवायच्या आत उत्तर द्यायचं होतं.

"नेमणूक आधी, सर."

"आणि तो माणूस?"

"त्यानं समजून घेतलं पाहिजे."

पिशोरकर सरांनी टेबलावर थाप मारली. "अव्वल! उत्तर असं पाहिजे!"

"बरोबर हाय," काकासाहेब म्हणाला. "माझे प्रश्न संपले."

त्या संध्याकाळी तो कँटीनमध्ये नव्हता. कापूस वेचणीला गावी गेला असेल, असं तिला वाटलं.

प्रमोदिनीची निवड झाली. विभागानं रौप्यमहोत्सव आणि तिचा सत्कार एकाच दिवशी धरला. ती आली तेव्हा सभागृह फुलून गेलं होतं, आणि मागच्या व्हरांड्यात काकासाहेब उभा होता. ती जवळजवळ पळतच गेली.

"कुठं होतास इतके दिवस? आज मी बाबांना सगळं–"

"अभिनंदन, म्याडम."

त्या एका शब्दानं ती थिजली.

"माझं जमलं," तो खाली बघत म्हणाला. "शिवन्याची मनकर्णा. सुपारी फुटली. पुढच्या पंधरवड्यात लगीन हाय."

"पण का? मला न विचारता?"

"इचारलं व्हतं."

"कधी?"

"बोर्डापुढं."

तिला आधी काही कळेचना. मग कळलं, आणि तिनं भिंत धरली.

"अरे, तो... तो बोर्डाचा प्रश्न होता! मी घोटलेलं उत्तर दिलं. तूच घोटून घेतलेलं!"

"मीच. दुसरीकडं इचारायची छातीच झाली नाय. नापास गड्यानं साहेबीणबाईला कसं इचारावं?" त्याचा आवाज फाटला. "वाटलं, पाठ किती बी असू दे... माझ्या तोंडाकडं बघून तरी तू चुकशील. पापणीसुदिक लवली नाय तुझी."

"मोड ना," ती कशीबशी म्हणाली. "मोड ते लग्न, काका. मी आज, आत्ता सांगते सगळ्यांना."

"तिच्या बापानं गावजेवण घातलंय. मी मोडलं तर त्या पोरीच्या दाराशी कोण येईल? तिचा काय गुन्हा?"

  आतून प्रमोदिनीच्या नावाचा पुकारा झाला, आणि डोळे पुसून ती गेली. न जाऊन करणार काय?

हार झाले, शाल झाली. पिशोरकर सर म्हणाले, "विभागाच्या इतिहासातली पहिली महिला अधिकारी!" मग पहिल्या वर्षाची एक मुलगी, भानुमती, उठली.

"मॅडम, तुम्हाला सगळ्यात अवघड प्रश्न कोणता गेला?"

प्रमोदिनीनं माईक धरला. मागच्या दाराशी तो उभा होता. जायला निघालेला, पण थांबलेला.

"मुंबईतला नाही," ती म्हणाली. "इथला. याच विभागातल्या एका तालमीतला."

"त्याचं उत्तर चुकलं होतं का?"

"नाही गं... बरोबर दिलं." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "सगळे खूश झाले. मी आयुष्यात दिलेलं सगळ्यात खोटं उत्तर होतं ते. विचारणाऱ्याला ते कळायला हवं होतं... आणि प्रश्न खरा होता, हे मलाही."

सभागृहाला वाटलं, नवी साहेबीण विनयानं बोलतेय. कोणीतरी हसलं, मग टाळ्या सुरू झाल्या. पहिल्या रांगेत दत्तोपंतही अभिमानानं टाळ्या वाजवत होते. मागच्या दाराशी काकासाहेबानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि तो तसाच पायऱ्या उतरून गेला. टाळ्या संपल्या तरी प्रमोदिनीला जागेवरून हलता आलं नाही, कारण अजून फोटो व्हायचा होता.