वायरचं दुसरं टोक

गाताना कानात घालायचे मॉनिटर स्वस्तात कुठले घ्यावेत, असं तुम्ही विचारलंत. सांगतो. पण आधी आमच्या ताईसाठी घेतले त्याची हकिगत ऐका, मग काय ते ठरवा.

आमचा छोटासा बँड. ताई गायची, मी कीबोर्डवर, ड्रमवर धडाम (त्याचं खरं नाव आता त्याच्या आईलाही आठवत नसावं), आणि बेस गिटारवर भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान. भाऊजी एरवी मोजकंच बोलायचे. स्टेजवर मात्र त्यांच्यासमोर एक जास्तीचा माइक असायचा. त्याचा आवाज लोकांना जात नसे, फक्त आमच्या पायाशी ठेवलेल्या स्पीकरमधून हळू यायचा. त्यातून ते ताईला सांभाळून घ्यायचे. 'दम घे.' 'आता अंतरा.' 'घाई नको.'

एका कार्यक्रमाचं सामान पोचवून परत येताना त्यांची गाडी वळणावरून खाली गेली, त्यात भाऊजी गेले. ती सापडली तेव्हा दिवे फुटले होते, पण इंडिकेटर तेवढा चालू होता. टिक टिक करत होता, असं बघणारे सांगत होते.

ताई काही महिन्यांनी पुन्हा गायला उभी राहिली. घर चालवायचं होतं, लेक चिमी अजून लहान होती. पण सूर हलायला लागला. पायाशी स्पीकरचा गोंगाट, मागे धडामचा दणका, आणि मधूनच ताईची मान डावीकडे वळायची. तिकडे भाऊजी उभे राहायचे.

"हिच्या कानात थेट तिचाच आवाज गेला पाहिजे," धडाम म्हणाला. म्हणून आम्ही दुकानात गेलो.

दुकानदार जाडजूड, बोलका माणूस. त्यानं आधी बिनवायरचा संच दाखवला, मग आमचे चेहरे पाहून स्वतःच तो बाजूला सारला. "स्वस्तातला बिनवायरचा घेऊ नका. ऐन गाण्यात आवाज तुटतो. बाई एका जागी उभ्या राहून गातात ना? मग वायरचाच घ्या. कमरेला ही डबी लावायची, तिच्यावर आवाज कमी-जास्त करायचं बटण. आणि पैसे वाचवायचे तर डबीत वाचवा, कानातल्या टोकांत नको. टोक सैल बसलं की सगळं वाया."

त्यानं ताईला स्पंजाची टोकं दिली. ती चिमटीत दाबून कानात घालायची आणि फुगेपर्यंत थांबायचं. मग बाहेरचं जग बंद होतं. ताईनं घातली, डोळे मिटले. दुकानात पंख्याची घरघर होती, रस्त्यावर गाड्या होत्या. ताईचा चेहरा मात्र शांत होत गेला.

"येतंय," ती हळूच म्हणाली.

दुकानदार हसला. "बाई, मी अजून वायर लावलीच नाही."

आम्हीही हसलो. ताई हसली नाही. "हेच घेऊ," म्हणाली.

पुढच्या कार्यक्रमात ताई अशी गायली की धडाम वाजवता वाजवता रडला. सूर एकदाही हलला नाही. मी कीबोर्डवरून तिच्याकडे बघत होतो. दोन ओळींच्या मध्ये ती मान डोलवत होती, कुणी काही सांगावं आणि आपण बरं म्हणावं तशी.

सामान आवरताना मी विचारलं, "ताई, कुणाला मान डोलवत होतीस?"

वायर गुंडाळता गुंडाळता ती म्हणाली, "दम घे म्हणाले. मी चुकणारच होते बघ तिथं."

सगळ्या माइकच्या वायरी जोडतात तो मिक्सर मी तपासला. त्या जास्तीच्या माइकची वायर आम्ही भाऊजींनंतर कधी लावलीच नव्हती. तिथलं भोक धुळीनं भरलं होतं... पण तिला इतक्या दिवसांनी जरा बरं वाटतंय, कशाला मोडता घाला, असं वाटलं.

मग ती घरीही ते घालू लागली. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना. डबी नाही, मिक्सर नाही, वायरचं दुसरं टोक पदराशी नुसतं लोंबत असायचं. ती मधेच थांबायची, ऐकायची, बोलायची. साधंच बोलणं. दूध नासलं. चिमीचा दात पडला. वरच्या मजल्यावरचे लोक बदलले.

"मामा," चिमी एकदा मला म्हणाली, "आई माझं काहीच ऐकत नाही. मी समोर जाऊन उभी राहते तेव्हा तिला कळतं."

एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा वीज गेली होती. दार उघडंच होतं. जिन्यातच मला चिमीचं रडणं ऐकू आलं. तिनं स्वतःच दूध गरम करायला घेतलं होतं आणि ते हातावर सांडलं होतं. स्वयंपाकघरात करपल्याचा वास भरला होता. ओट्यापासून हातभर अंतरावर, पाठमोरी, खिडकीशी ताई उभी होती आणि हसत हसत कुणाला तरी चिमीचीच गोष्ट सांगत होती.

मी आधी पोरीचा हात नळाखाली धरला. मग ताईच्या कानातली दोन्ही टोकं ओढून काढली. ती दचकून वळली. चिमीला बघितलं आणि मटकन खाली बसली, लेकीला पोटाशी धरून.

टोकं माझ्या हातात होती, तिच्या कानाच्या उबेनं अजून कोमट. मी ती दाबून स्वतःच्या कानात घातली. का घातली, विचारू नका. स्पंज फुगत गेला. चिमीचं रडणं विझलं, नळ विझला. आधी काहीच नव्हतं. मग खूप लांबून, ओल्या मातीत पुरल्यासारखं... टिक. टिक. टिक. आणि त्याच्या पलीकडे कुणीतरी दम रोखून थांबलं होतं. बोलण्याआधी थांबतात तसं.

मी ती काढून खिशात घातली.

"तुलाही आलं?" ताईनं विचारलं.

मी होकाराची मान हलवली. ती बराच वेळ लेकीच्या केसांतून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "घेऊन जा ते. माझ्यासमोर ठेवू नकोस. हिचं रडणं मला ऐकू आलं नाही रे..."

तो संच मी नदीच्या पुलावरून खाली टाकला. ताईनं गाणं सोडलं आणि एका कारखान्याच्या भांडारात कामाला लागली. चिमीच्या हातावर पुसटसा डाग राहिला. दोघी एकमेकींशी खूप बोलायला लागल्या. घर हळूहळू घरासारखं झालं. ताई भाऊजींचं नाव काढायची, पण भूतकाळात.

परवा दुपारी मी त्यांच्याकडे गेलो. ताई कामावर होती. चिमी जमिनीवर बसली होती, दोन्ही कानांत बोटं खुपसून, डोळे मिटून. मला वाटलं, खेळतेय. मी हाक मारली तसं तिनं डोळे उघडले, पण बोटं काढली नाहीत.

"हळू बोल मामा," ती म्हणाली. "बाबा विचारतायत, आई बोलायची का थांबली. तिकडे त्यांना दुसरं काहीच ऐकू येत नाही म्हणे... आणि फार अंधार आहे."