साठीच्या खुर्च्या

जुळे सोलापुरात चार दिवसांनी नळाला पाणी आलं, की त्या दिवशी कुणीच कुठं वेळेवर पोचत नाही. म्हणून तर त्या सोमवारी संध्याकाळी चंद्रिका मॅडमच्या इंग्रजी क्लासच्या जिन्यात उशीर झालेली दोन माणसं एकमेकांवर आदळली. त्याची पँट गुडघ्यापर्यंत ओली होती आणि तिची ओढणी पिळून काढण्यासारखी.

"पाणी?" त्यानं विचारलं.

"पाणी!" ती म्हणाली, आणि दोघांनाही हसू आवरेना.

तिचं नाव धम्मप्रिया. टॉवेल परदेशात पाठवणाऱ्या एका कंपनीच्या ऑफिसात ती कामाला होती. महिन्यापूर्वी व्हिडिओ कॉलवर इंग्लंडमधली एक म्हातारी गिऱ्हाईक बाई सोलापुरी टॉवेल गालाला लावून आपल्या गेलेल्या नवऱ्याच्या आठवणी सांगू लागली. बाईचे डोळे भरून आले होते... आणि धम्मप्रिया काय बोलली? "थँक यू मॅडम. हाऊ मेनी डझन?" बाई गप्पच झाली. तेव्हापासून तो प्रसंग आठवला, की धम्मप्रियाचे कान तापायचे. म्हणून हा क्लास.

तो माउली. सांगोल्याकडच्या मेंढपाळाच्या घरातला, जनावरांच्या डॉक्टरकीचा डिप्लोमा केलेला. बंगळूरच्या एका कंपनीत त्याची मुलाखत होती.

"तितं विचारत्यात म्हणं, तुमचा रिग्रेट काय," जिना चढता चढता तो म्हणाला. "आता हळहळ वाटायला आधी आयुष्यात कायतरी घडाय पायजे की!"

ती पुन्हा हसली. ओळख होऊन दोन मिनिटं झाली नव्हती आणि हे दुसऱ्यांदा हसणं, हे तिच्या लक्षात आलं.

मॅडमची पद्धत सगळ्या सोलापुरात निराळी. पाणी शिंपडलेली गच्ची आणि मधोमध दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या. "विशी-पंचविशीत कसल्या आठवणी आणि कसला पश्चात्ताप?" मॅडम म्हणायच्या. "या खुर्चीत बसलात की तुम्ही साठ वर्षांचे. आता मागं वळून बघा आणि इंग्लिशमध्ये बोला." खुर्चीत बसून कुणी मराठी बोललं तर दंड ठरलेला. क्लासच्या बाराही जणांना कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाऊ घालायची. जोड्या आलेल्या क्रमानं लागायच्या. शेवटचे दोघं कोण, हे सांगायला नकोच.

माउलीनं घसा खाकरला. "आय रिमेंबर... वुई हॅड टू हंड्रेड शीप."

"आय ऑल्सो रिमेंबर," धम्मप्रिया साठीच्या ऐटीत म्हणाली. "शीप ड्रँक ऑल द वॉटर. आय वॉज फिलिंग द बॅरल. अँड यू वेअर स्लीपिंग!"

गच्ची हसून हसून लोळायची बाकी राहिली. या बोलण्यात 'वुई' कुठून आला, हे मात्र कुणीच विचारलं नाही. मॅडमनी नुसता चष्मा वर सरकवला.

मग ते रोजचंच झालं. 'लुकिंग बॅक' आलं, 'दोज डेज' आलं, 'इट रिमाइंड्स मी' आलं, आणि एकेका शब्दाबरोबर त्या दोघांचा न झालेला संसार उभा राहू लागला. दारात कडुलिंब. मोडनिंबजवळ बंद पडलेली स्कूटर आणि ती सुरू होईपर्यंत खाल्लेली गरम भजी. एकदा रुसून ती बार्शीला आत्याकडे गेलेली, आणि तो एसटीनं न्यायला आलेला. दिवसभर ऑफिसात धम्मप्रिया आज काय आठवायचं याचाच विचार करायची. संध्याकाळ लवकर का होत नाही, म्हणून घड्याळावर चिडायची.

"डू यू रिमेंबर," माउलीनं एकदा अचानक विचारलं, "अवर डॉटर्स फर्स्ट डे इन स्कूल?"

"शी... शी क्राइड," ती अडखळली.

"नो," तो तिच्याकडे बघत म्हणाला. "आय क्राइड."

धम्मप्रिया लाजून अशी लाल झाली, की मॅडमनी त्या दिवशी त्यांची पाळी तिथंच आटोपली.

तिसऱ्या आठवड्यात इंग्लंडच्या बाईचा पुन्हा कॉल आला. या वेळी धम्मप्रियानं डझनांचं नावही काढलं नाही. "इट रिमाइंड्स यू ऑफ हिम, डझन्ट इट? टेल मी, मॅडम," ती म्हणाली. बाई वीस मिनिटं भरभरून बोलली. शेवटी हलकेच म्हणाली, "आय विश आय हॅड टोल्ड हिम." तो होता तेव्हाच सांगायला हवं होतं, तेवढं एक राहून गेलं. कॉल संपल्यावरही धम्मप्रिया हेडफोन कानावर तसाच ठेवून बसून राहिली. ही बाई साठीचं सोंग करत नव्हती.

आणि गुरुवारी माउली पेढे घेऊनच आला. "लागली नोकरी! रविवारी निघायचं!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. धम्मप्रियानंही वाजवल्या. आनंद खरा होता, पण टाळ्या वाजवता वाजवता ती रविवारपर्यंतचे दिवसही मोजत होती.

"रिग्रेट विचारला का तुम्हाला?" जिन्यात तिनं विचारलं.

"विचारला की. मी म्हटलं, नॉट येट, सर. शनिवारपर्यंत टाइम हाय."

"शनिवारी काय आहे?"

तो पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिला. "शेवटचा क्लास," म्हणाला आणि दोन-दोन पायऱ्या उतरत पळाला.

शनिवारी तिनं तीच ओढणी घेतली, पहिल्या दिवसाची. गच्चीवर ऊन उतरलं होतं, तरी वारा गरमच होता. दोघं खुर्च्यांवर बसले.

"लुकिंग बॅक," माउलीनं सुरुवात केली, "आय हॅड अ गुड लाइफ. गुड जॉब. मेनी शीप." आज कुणी हसलं नाही. "बट आय रिग्रेट... देअर वॉज वन गर्ल... अँड आय वेंट टू बंगलोर, अँड आय नेव्हर..."

पुढं शब्द येईना. धम्मप्रियाला कळलं, हा आता गप्प बसणार, उद्या बसमध्ये बसणार, आणि मग हे सोंग खरंच होऊन बसणार. टॉवेल गालाला लावलेली ती बाई तिच्या डोळ्यांपुढं आली. ती ताडकन उभी राहिली.

"माउली, मी साठ वर्षांची नाही. चोवीस वर्षांची आहे. आणि तू अजून सोलापुरातच आहेस. आत्ता बोल ना!"

"मराठी! मराठी! दंड!" मागून कुणीतरी ओरडलं.

"थांबा, माझा बी दंड लिवा," माउलीही उठला. "धम्मप्रिया, मला तू लई आवडतीस. जिन्यात आदळलीस तवापासनं."

"मलापण," ती म्हणाली. हसू काही लपत नव्हतं. "तुझा तो 'वुई' मला पहिल्याच दिवशी ऐकू आला होता." मग जरा हळू, "घरी काय म्हणतील रे आपल्या?"

"मी सांगतो की. आधी माझ्या आईला, मग तुझ्या बाबांना. आता सांगायचं काय बी ठिवायचं न्हाय."

रविवारी दुपारी दोन दंडांची मेजवानी झाली. कडक भाकऱ्या धम्मप्रियानं आणल्या. चटणी माउलीची. आईनं बंगळूरला न्यायला दिलेली बरणी त्यानं इथंच उघडली. नाकातोंडातून पाणी येईतो सगळे जेवले. तेवढ्यात खालून हाक आली, "पाणी आलंय होऽऽ!" आणि अख्खा क्लास, मॅडमसकट, जिन्यावरून धडधडत खाली पळाला.

राहिले दोघंच, त्या दोन खुर्च्यांवर. बसला अजून दोन तास होते.

"डू यू रिमेंबर," माउली म्हणाला, "हाऊ वुई मेट?"

"अरे, तीनच आठवडे झालेत अजून," ती चक्क मराठीत म्हणाली आणि तिनं त्याच्या हातावर हात ठेवला. दंड लावायला गच्चीवर कुणी नव्हतं.